कपाटातली खालची जागा

"कपडे आधी बाहेर काढावे लागतील, ताई," सुतार म्हणाला आणि टेप हातात धरून उभा राहिला.

ती हलली नाही. लग्नानंतरच्या सहा महिन्यांत तिने त्या कपड्यांना बोट लावलं नव्हतं. लांब कोट, फुलाफुलांचे ड्रेस, एक हिरवा झगा. सगळे तिच्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचे. ती वारून तीन वर्षं झाली होती. तिचे कपडे मात्र भिंतीतल्या कपाटात ऐटीत लटकत होते. आणि हिचे अजून बॅगेत, पलंगाखाली.

शेवटी सुतारानेच ते कवेत घेऊन काढले आणि पलंगावर ठेवले. ती पलंगापासून दोन पावलं लांब सरकली.

ते कपडे हलायचे. हे तिने फक्त वहिनीला सांगितलं होतं. ती स्वतः दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची, सहाला घरी यायची. एखाद्या दिवशी लवकर सुटली तर खोलीत शिरल्या शिरल्या दिसायचं, कपाटाचं दार बोटभर उघडं. आतले हँगर अजून हळूहळू झुलतायत. खिडकी बंद. खोलीत कोणी नाही. एकदा तिने धीर करून आत खाली हात घातला, तर फळी कोमट लागली. आत्ताच कोणीतरी उठून गेल्यासारखी.

नवरा चारलाच घरी आलेला असायचा. तिने हाक मारली की बाथरूममधून यायचा, तोंड पुसत. मागे नळ चालूच. लाकूड आहे, कुरकुरतं, हवेने हलतं, असं म्हणायचा. तिच्याकडे न बघता.

वहिनी फोनवर म्हणाली होती की जिवंत सवत परवडली, निदान भांडता तरी येतं. दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर ती कपाटाकडे तोंड करून बसून राहिली. त्याच्याकडे पाठ करायची हिंमत होईना.

मग गेल्या रविवारी तिने सरळ सांगून टाकलं. एकतर हे कपडे काढ, नाहीतर मला जागा कर. नाहीतर मी दादाकडे जाते, आणि या वेळी परत येण्यासाठी जात नाही.

 तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला की खालचा अर्धा भाग रिकामाच आहे, तिथे अजून एक रॉड बसवून घे. म्हणजे वर ती, खाली मी, असं हिच्या मनात आलं. तिला ते झोंबलं. पण ती हो म्हणाली. तिच्या डोक्यात वेगळंच होतं. खालची जागा आपल्या कपड्यांनी गच्च भरून टाकायची. मग आत जे कोणी आहे त्याला टेकायलाही जागा उरणार नाही.

आज सकाळी कामावर जाण्याआधी नवऱ्याने कपाटाचा तळ स्वतः पुसला. एवढ्याशा फळीला बराच वेळ लावला. चहा तसाच ठेवून गेला.

सुताराचं तोंड हातापेक्षा जास्त चालत होतं. कपडे वाढतात, कपाटं वाढत नाहीत, त्यावरच माझं घर चालतं, असं त्याचं म्हणणं. तळापासून चाळीस इंचावर रॉड घेऊ म्हणाला. वरचे कोट लांब आहेत, खाली अडतील, त्यांची सोय बघा. तिने सांगितलं, चुरगळले तर चुरगळू दे.

तो गुडघ्यावर बसला. लेव्हलची पट्टी फळीवर ठेवली आणि वाकून बघितलं. पट्टीच्या मधोमध, खालून उजेड दिसत होता; फळी तिथे खोलगट दबली होती.

इथे काय ठेवत होता, असं त्याने विचारलं. काहीच नाही, ती म्हणाली, चपलांचे दोन जोड असतील. त्याने फळीवरून तळवा फिरवला. घरात लहान मूल आहे का, माझी नात अशीच कपाटात लपून बसते, म्हणाला.

"नाही," ती म्हणाली.

"आणि हे पोराचं वजनच नाही." सुतार स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. "मोठं माणूस बसतं इथे. रोज. लय दिवसांपासून. हे बघा ना, पाठ टेकून टेकून मागचं पॉलिश उडालंय."

ती वाकली. मागच्या फळीवर एक फिकट पट्टा होता. बसलेल्या माणसाच्या खांद्यांच्या उंचीवर. तेवढे रुंद खांदे त्या घरात एकाचेच होते.

तिला बाथरूमचा नळ आठवला. दर वेळी चालू असलेला.

आणि रॉड तिथेच बसवून घे, असं त्यानेच सांगितलं होतं.

सुताराने ड्रिलची वायर सोडवली, प्लग शोधला, पेन्सिलीची खूण पुन्हा एकदा तपासली. मागे वळला तर ती कपाटात बसलेली होती. गुडघे पोटाशी, पाठ मागे टेकलेली. फळी करकरली. ती बराच वेळ उठली नाही. सुताराला काय करावं कळेना. त्याने ड्रिल खाली ठेवलं.

"ताई, रॉड बसवायचा ना?"

"राहू दे. ही फळी बदलून द्या."

"अर्ध्या इंचाची आहे, म्हणून दबली. पाऊण इंची टाकतो. एक माणूस आरामात बसेल."

"अजून जाड टाका," ती आतूनच म्हणाली. "दोन माणसं बसणार आहेत."