नळावरचा तिसरा नंबर

सार्वजनिक नळ काढून न्यायला आलेल्या तुषार फिटरला नळासमोर रांगेत दोन हंडे दिसले. मागच्या हंड्याशेजारी नर्मदाबाई तांडेल बसल्या होत्या.

"आजी, ह्या नळाला सहा वर्षं पाणी नाही."

"मला सांगतोस होय?"

अर्धं आयुष्य प्रयोगशाळेत काढून ग्राफीनची चाळणी एकदाची कारखान्यात गेली आणि तिथून घरोघरी आली. तेव्हापासून खाडीचं खारं पाणी स्वयंपाकघरातच गोड होत होतं. नळावरची भांडणं बंद पडली होती. सरकारने त्याला प्रगती म्हटलं होतं.

"पुढचा हंडा कोणाचा?"

"देवकाचा. रोज पुढे घुसायची मेली. चाळीस वर्षं भांडलो आम्ही."

"त्या कुठे आहेत?"

"घरात. आता बाहेर कशाला येतेय? हंडा तिने भंगारात दिला होता. मी सोडवून आणला."

तुषारने पाना काढला. "मग काढू ना नळ?"

"काढ की. पण नंबराने."

तुषारने दोन्ही हंड्यांकडे पाहिलं. मग हत्यारांची पिशवी नर्मदाबाईंच्या मागे ठेवली आणि तो पहिल्या नंबराची वाट बघत उभा राहिला.