सत्ताविसावं पत्र

सत्ताविसाव्या पत्रात अक्षर मधेच बदललं.

रोशनीने कागद दिव्याखाली धरला. 'मार्था' या नावाचं पहिलं अक्षर आतापर्यंत घाईत, तिरकं पडलेलं असायचं. पान अर्धं झाल्यावर ते एकदम जपून, सरळ उभं राहिलं होतं. पीएचडी सांभाळून ती न्यू जर्सीतल्या एका छोट्या संग्रहालयात जुनी पत्रं टाइप करून द्यायची. नियम साधा होता. कागदावर आहे तेच उतरवायचं, आणि अक्षर बदललं तर समासात तशी नोंद करायची. तिने 'लिहिणारा बदलला' असं टाइप केलं आणि पुढचं पत्र ओढलं.

एझ्रा हॉलोवे हा १८४९ साली बायकोला आणि दोन गाईंना इथेच सोडून सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला गेलेला माणूस. त्याची पहिली सव्वीस पत्रं म्हणजे नुसती रड. दिवसभर गुडघाभर गार पाण्यात उभं राहून परातीत वाळू धुवायची आणि संध्याकाळी चिमूटभर पिवळी धूळ घेऊन तंबूत यायचं. बूट कुजले. दोन दात पडले. तंबूतला जोडीदार जोनास रात्रभर घोरतो. साऱ्या जगाला शिव्या घालून झाल्या की शेवटी मार्थाची एखादी वाह्यात चेष्टा. सत्ताविसाव्या पत्रापासून मात्र एझ्रा सुधारला. तब्येत उत्तम, सोनं लागतंय, पुढच्या वसंतात येतो. असा तो अकरा वर्षं पुढच्या वसंतात येत राहिला.

गठ्ठ्याच्या तळाशी एक पत्र होतं, लाखेचं सील न फोडलेलं. संग्रहालयाच्या प्रमुख बाईंनी पातळ सुरीने ते अलगद उघडलं आणि तिच्यापुढे ठेवलं. पत्र जोनासचं होतं.

'बाईसाहेब, एझ्रा १८५२च्या ऑक्टोबरातच दरडीखाली सापडून गेला. त्याच्या खिशात तुम्हाला लिहायला घेतलेलं पत्र होतं. तेवढं मी पुरं केलं. मग मला थांबता आलं नाही.'

पाकिटावर टपालवाल्याचा शेरा होता : बाई मागच्या आठवड्यात वारल्या.

 दीडशेहून जास्त वर्षं ज्याचं मरण कोणी वाचलंच नव्हतं, ते वाचणारी रोशनी पहिली होती. आणि तिच्या पर्समध्ये दोन फोन होते. त्यातला एक रवीचा.

रवी तिचा मोठा भाऊ. इथून चार-पाच तासांवरच्या अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये कामाला होता. सात आठवड्यांपूर्वी हायवेवर अपघातात गेला. नागपूरला आईची बायपास नुकतीच झाली होती. दादाराव मामा फोनवर म्हणाले, "एवढ्यात तिला कळू देऊ नको. झेपायचं नाही तिला." अंत्यविधी उरकून रोशनी आयसेलिनला आपल्या खोलीवर परतली, तेव्हा रवीच्या फोनवर आईचा मेसेज आला होता : जेवलास का रे? काय करावं ते न सुचून तिने 'हो' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मग ते रोजचंच झालं. नाइट शिफ्ट आहे, आत कॉल घेता येत नाही, असं तिने रवीच्या नावाने कळवून टाकलं. आईने एकदाही कॉलचा हट्ट धरला नाही, आणि रोशनीला हायसं वाटलं. आई रवीला एवढंच विचारायची, रोशनी नीट खाते ना, तिच्याकडे लक्ष आहे ना तुझं? रोशनी रवीच्या थाटात उत्तर द्यायची, 'खाते म्हणजे काय, माझं पण खाते.' ते लिहिताना तिला खरंच हसू यायचं. खोलीत रवी असल्यासारखा वाटायचा. ते तिला फार आवडायचं, आणि त्याचीच तिला भीती वाटायची.

आज ती भीती वरचढ ठरली. मार्थासारखं आईला वाट बघत ठेवायचं नव्हतं. सकाळचे साडेदहा वाजले होते, म्हणजे नागपूरला रात्रीचे आठ. ती बाहेर जिन्यात गेली, मन घट्ट केलं आणि स्वतःच्या फोनवरून आईला कॉल लावला.

"आई, तू बसलीयेस ना? रवीचे मेसेज येतात ना तुला... ते मी टाइप करते. रवी नाहीये गं, आई."

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. आई रडली नाही.

"ठाऊक आहे बेटा," ती म्हणाली. "तुझ्या मामाच्या पोटात काही राहतं का? त्याच आठवड्यात माझ्यासमोर बसून रडला. विहारात भन्तेजींना बोलावून रवीचं पुण्यानुमोदनही केलं. महिना होऊन गेला."

 रोशनी पायरीवर बसली.

"मग रोज त्याला मेसेज का करत होतीस?"



"तू तिकडे एकटी," आई म्हणाली. "म्हटलं, तुझा भाऊ तुला अजून थोडे दिवस असू दे."