लाल पट्टा

"सापडत नाही," सरकारी दवाखान्यातल्या उत्कर्षा मॅडम रक्ताचा अहवाल बघत म्हणाल्या. जोतिरामला वाटलं, आपलं रक्तच हरवलं. म्हणजे मंगळवेढ्याहून सोलापूरची एसटी पुन्हा धरायची, पुन्हा सुई टोचून घ्यायची.

"अहो, विषाणू सापडत नाही. सलग दुसऱ्या तपासणीत," मॅडम हसल्या. "गोळ्या अशाच रोज घेत राहा. मग नवराबायको म्हणून राहिलात, तरी तुमच्यापासून तानाबाईंना एचआयव्ही होणार नाही."

शेजारी तानाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. दीड वर्षापूर्वी तापानं फणफणलेल्या नवऱ्याला तिनंच इथं आणलं होतं. चूक त्याची होती, त्यानं ती कबूलही केली. ती भांडली, रडली, पण घर मोडलं नाही. तिची स्वतःची तपासणी मात्र दर वेळी चांगली आली.

तेव्हाच मॅडमनी सगळं समजावलं होतं. विषाणू नवा असतो तेव्हा अंगाला त्याची ओळख नसते, तो लाखांनी वाढतो. मग अंग जागं होतं, लढतं, त्याला मागं रेटतं. पण पुरता घालवू शकत नाही, म्हणून गोळ्या.

मेंढपाळाला हे समजायला कितीसा वेळ लागणार? "लांडगाच की मंग," तो म्हणाला होता. "कुत्री मागं लागली की पळतो, पर वाड्याभवतीच घुटमळतो."

एक गोष्ट मात्र त्याच्या गळी उतरली नाही. जेवल्याखाल्ल्यानं, जवळ बसल्यानं हा रोग लागत नाही, असं मॅडमनी घसा फोडून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि घरी येऊन आपलंच खरं केलं. मेंढरू आजारी पडलं की त्याच्या पाठीवर लाल पट्टा ओढायचा आणि त्याला कळपाबाहेर बांधायचं, ही बापजाद्यांची रीत. त्यानं मेंढरांच्याच रंगानं आपल्या ताटाच्या पाठीवर पट्टा ओढला. अंथरूण मेंढरांच्या वाड्यापाशी टाकलं. लेक सोनम मांडीवर बसायला आली की हा काहीतरी काम काढून उठायचा. पोरीचं तोंड उतरलेलं बघून त्याचा जीव तुटायचा, आणि मग बिचाऱ्या कुत्र्यांना शिव्या बसायच्या.

"आता तरी घरच्यांत बसून जेवाल ना?" मॅडमनी विचारलं.

"बगू," तो म्हणाला.

तानाबाईनं गोळ्यांची पिशवी उचलली आणि ती एसटी गाठायला निघाली.

संध्याकाळी मेंढरं कोंडून तो जेवायला आला. सवयीनं फळीवरचं ताट काढून उलटं केलं. लाल पट्टा. पण ते तानाबाईचं होतं. त्यानं दुसरं उलटलं, तिसरं उलटलं, सोनमची छोटी ताटली उलटली. पाहुण्यांसाठी राखलेली ताटंसुद्धा सुटली नव्हती. रंग ओला होता, त्याच्या बोटांना लागला.

"आगं, माजं ताट सापडंना."

तानाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. तिच्या नखांत लाल रंग राहिला होता.

"चराईला लांब निगताना समद्या मेंढरांवर एकच पट्टा वडता न्हवं, आपला कळप वळकू यावा म्हून? त्योच ह्यो. बसा आता, पोरगी थांबलीया."