कोरं पान

शेजारच्या शर्वाणीला पाहताच विद्याधरनं काल अर्धवट राहिलेली गंमत पुढे सुरू केली आणि दोघं पोट धरून हसली. बायको मंदाकिनी चहा घेऊन आली, तसा त्याचा चेहरा आंबट झाला. अपघातानंतर त्याच्या मेंदूत बसवलेलं यंत्र माणूस समोर येताच त्याच्या आठवणींचं पान शेवटच्या ओळीवर उघडत असे, आणि मंदाकिनीच्या पानावर शेवटी भांडण होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं डॉक्टरांना गाठलं.

"माझं पान कोरं करा."

"सगळा संसार पुसला जाईल, ताई."

"जाऊ द्या."

दुसऱ्या सकाळी तिला पाहून विद्याधर अदबीनं उठला. "बसा ना. आपलं नाव?"

तिनं माहेरचं नाव सांगितलं आणि डोकावणाऱ्या शर्वाणीच्या तोंडावर दार लोटून घेतलं.