गुलाबी बोळा

चौथ्या सुऱ्याचा बोळाही गुलाबी झाला, तेव्हा पासांगने मानेवरचा घाम पुसला.

मकास्सर शहरातून आलेल्या पोलीस तपासनीस येर्मिनाबाई खांबांवर उभ्या भाताच्या कोठाराखाली चटई टाकून बसल्या होत्या. पुढ्यात गावातल्या सात पुरुषांचे सुरे. मुठीच्या सांध्यावर कापसाचा ओला बोळा घासायचा, त्यावर एका बाटलीतला थेंब, मग दुसरीतला. रक्त असलं की बोळा गुलाबी. ते माणसाचं की जनावराचं, हे मग कागदी पट्टी सांगायची.

चारही पट्ट्यांनी जनावराचं सांगितलं. सांगणारच. परवा गावच्या म्हातारीला शेवटचा निरोप देताना रिवाजाप्रमाणे अकरा रेडे पडले, मांस वाटायला सगळेच सुरे घेऊन बसलेले. नंतर धुतले म्हणून काय झालं? सांध्यात शिरलेलं रक्त पाण्याला दाद देत नाही.

रेडे पाडले होते पासांगने. बापाकडून आलेलं काम. उभ्या रेड्याच्या गळ्यावर एकच घाव, एवढीच त्याची अब्रू. अकराव्याला मात्र दुसरा घाव घालावा लागला. फाटक्या गळ्याचा रेडा मांडवात घुसला, दोन बायका तुडवल्या. वर चुलतभाऊ सोंबो चारचौघांत म्हणाला, "दादा, आता कोंबड्या काप. त्याही आम्ही धरून ठेवू हवं तर."

गाव पोट धरधरून हसलं. पासांगही हसला.

त्याच संध्याकाळी बांबूच्या बनात त्याने सोंबोला गाठलं, केस धरून मान मागे खेचली. सोंबोने हात जोडले. "चेष्टा केली रे दादा," एवढंच त्याला बोलता आलं. त्याच सुऱ्याचा घाव थेट हाडाला भिडला, रक्ताची चिळकांडी पासांगच्या तोंडावर आली. दुसरा घाव घालावा लागला नाही. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं.

धुतलेलं रक्तही या लोकांना सापडतं, हे शिपाई झालेल्या भाच्याने मागेच फुशारकीने सांगितलं होतं. म्हणून पासांगने त्याच रात्री सुऱ्याची मूठ जाळली, पातं भट्टीत लाल केलं, दगडावर घासघासून काढलं आणि घरात पडलेली एक जुनाट मूठ बसवली.

पाचवा बोळा गुलाबी, सहावाही. पट्ट्या पुन्हा जनावराच्याच. सोंबोची आई समोरच्या पायरीवर पदराने डोळे पुसत बसली होती.

सातवा सुरा पासांगचा. पहिला थेंब पडला. काही नाही. दुसरा पडला. बोळा पांढराच. बाईंनी पात्यावर घासून पाहिलं, पुन्हा सांध्यात घासून पाहिलं. पांढराच.

पासांगचा जीव भांड्यात पडला. "म्हटलं नव्हतं ताई? माझ्या सुऱ्यावर माणसाचं रक्त सापडायचं नाही."

"नाही सापडलं," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "परवाचे रेडे याच सुऱ्याने पाडलेत?"

"अकराच्या अकरा. बापाचा सुरा आहे, दुसऱ्याला मी हात लावत नाही. विचारा गावाला."

गावाने माना डोलावल्या. बाईंनी लिहिणं थांबवलं आणि पांढरा बोळा सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"मग अकरा रेड्यांचं रक्त कुठे गेलं?"