पहारीला लावलेला कान

बेचाळीसच्या उन्हाळ्यात घोडेगावच्या माळावर भीमा आणि त्याची बायको मनकर्णा विहीर खणत होती. तळाशी काळा खडक लागला.

"हितं पानी न्हाई," भीमा म्हणाला. "सोडून देऊ."

तरी जायच्या आधी त्यानं सवयीनं पहार खडकावर उभी धरली आणि तिला कान लावला. खडक भरीव की पोकळ, ते असं कळतं. मनकर्णानं बाजूला घणाचा एक घाव घातला.

खडकातून घाव परत आला. मग आणखी एक आला, जवळून.

"तूच ठोकतीयास का?"

"मी कवाच थांबले."

तिनंही कान लावला. खालच्या प्रत्येक घावामागून पाणी हिंदकळत होतं.

तिनं घण नवऱ्याच्या हाती दिला. "थांबू नगा आता. पान्यात उभं राहून खालनं खणनारी ती मानसं बी दमली असतील."