सिमेंटचं स्टेज

स्टेज सिमेंटचं आहे हे बुटाचा तळ टेकताच त्याला कळलं.

लाकडी स्टेज असलं की ड्रमचा ठोका फळ्यांमधून गुडघ्यापर्यंत चढतो. गेलं वर्ष त्याने त्या ठोक्यावरच काढलं होतं. दोन्ही कान गेले होते आणि हे फक्त बायकोला ठाऊक होतं. माऊथऑर्गनचं एक बरं, सूर दातांत लागतो. पण ब्लूजचा बँड त्याचा, पुढे उभा राहून सगळ्यांना नेणारा तो. म्होरक्याच बहिरा म्हटल्यावर मागे कोण थांबणार?

"पोटात दुखतंय म्हणून सांगू का मी?" विंगेत बायकोने नुसते ओठ हलवले.

"नको. तुझ्या भावाच्या काठ्या दिसतात की. त्यांच्यावर नजर ठेवतो."

ड्रमवर मेहुणा होता. त्याच्या शेजारी बास गिटार लावत लंबू म्हणाला, "पहिल्या रांगेतले ते चष्मेवाले बघितले का? तेच इथे वर्षभर वाजवायला बँड निवडणार. चेहरा असा, जणू आपणच त्यांचा चष्मा चोरलाय."

सगळे हसले म्हणून तोही हसला. मेहुणा हसला जरा उशिरानेच.

दोन जलद गाणी त्याने जीव मुठीत धरून पार पाडली. लोकांकडे अर्धी पाठ करून तो ड्रमकडे बघत वाजवत होता. लोकांना ती ऐट वाटली असावी.

तिसरं गाणं संथ होतं. काठी पडली की त्याचा पाय पडायचा. मग काठी किंचित रेंगाळली. त्याने पायही रेंगाळवला. काठी आणखी मागे पडली. लंबूने दचकून वर पाहिलं. विंगेतून बायको 'चल, चल' अशी हाताने खूण करत होती.

त्याचं धाबं दणाणलं. मेहुण्याला कळलंय. भर सभेत परीक्षा घेतोय माझी.

काठी हवेतच. त्याने श्वास आत ओढतच सूर तसाच धरून ठेवला. छाती फुटायची वेळ आली तेव्हा कुठे काठी पडली. पुढची तर पडेचना. शेवटी त्याने माऊथऑर्गन खाली घेतला आणि गाणं तिथेच संपलं.

चष्मेवाले उभे राहून टाळ्या वाजवत होते. पडदा पडल्यावर ते जवळ आले. "इतका थांबून थांबून वाजवलेला ब्लूज मी कधी ऐकला नव्हता. वर्ष तुमचं."

त्याला धड हसताही आलं नाही. मेहुण्याने आता तोंड उघडलं की संपलं.

मेकअपच्या खोलीत दोघेच होते. त्याने दाराला कडी घातली. मेहुण्याच्या नजरेला नजर देण्याची हिंमत होईना. माऊथऑर्गन पुसत, खाली बघतच तो बोलला.

"कळलं होतं तर घरी विचारायचंस. हो, गेलेत माझे कान. वर्ष झालं. आता बँड मोडायचा तर मोड, पण लोकांसमोर असा छळ नको."

त्याने मान वर केली. मेहुणा घामाघूम होऊन त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"भावजी, मान खाली घालून काय बोललात? ओठ दिसले नाहीत तर मला काही कळत नाही हो. ताईला सांगू नका, पण वर्षभर मी तुमच्या पायाकडे बघूनच वाजवतोय."